कापूस फुटला असतानाही शब्बाथ कसा पाळावा

शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस, मोडतो तो बहुतेक आदल्या दिवशीच. टाकीत पाणी नसतं, मजुरांचा चुकारा राहिलेला असतो, गोठ्यातलं कुटार संपत आलेलं असतं. मग सकाळी प्रार्थनेला बसलेला माणूस दहा मिनिटांत उठतो आणि दिवसभर उठलेलाच राहतो. शुभवर्तमानात शब्बाथाच्या आदल्या दिवसाला ‘तयारीचा दिवस’ असं नावच आहे, ते उगाच नाही.

आधी वेळ ठरवा. पवित्र शास्त्रात दिवस संध्याकाळपासून मोजतात (लेवीय २३:३२), म्हणून सातव्या दिवसाचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्या (चर्च) प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतात. त्यांनी पुढे प्रत्येक वार एक दिवस पुढचा वाचावा, ‘शुक्रवार’ आला की ‘शनिवार’, बाकी तयारी तीच. कोणता दिवस खरा यावर वाद घालत विसाव्याचा दिवस घालवणारेही गावोगाव आहेत, त्यांच्या नादी लागू नका. सूर्यास्त नागपूरकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास होतो, जूनअखेर सातच्या सुमारास. बुलडाण्याकडे दहा-बारा मिनिटं उशिरा. हिवाळ्यात तयारीचा दिवस जवळजवळ दीड तासानं आखूड असतो. डिसेंबरात वेचणीही जोरात असते, म्हणून घाई नेमकी तेव्हाच होते. हिवाळ्यात शुक्रवारचं शेत दुपारी तीनला सोडायचं, असं गुरुवारीच ठरवून टाका.

तीनला शेत सोडलं की पहिलं काम कापसाचं वजन आणि चुकारा. अनुवाद २४:१५ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, आणि तुमचा शब्बाथही सूर्यास्तालाच सुरू होतो. मजुराचे पैसे अडकवून घेतलेला विसावा त्याच्या घरची चूल थंड ठेवून घेतलेला असतो. सुट्टे पैसे गुरुवारीच आणून ठेवा, नाहीतर सगळा शुक्रवार सुट्ट्या पैशांसाठी फिरण्यात जातो. सालदार असेल तर त्या दिवसाचे पैसे कापू नका. शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, बैल आणि वेशीच्या आतला परकाही मोजला आहे (अनुवाद ५:१४). मालक उपासनेत आणि सालदार डवऱ्यावर (कोळप्यावर), याला शब्बाथ म्हणत नाहीत.

मग गोठा. बैलजोडी आणि एक गाय असेल तर दिवसाला सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. हौद काठोकाठ भरून ठेवा. कडबा तोडून, कुटार टोपल्यांत भरून, ढेप भिजवायच्या भांड्याजवळ काढून ठेवा. शब्बाथाच्या दिवशी फक्त पुढ्यात टाकायचं. दूध काढणं, गुरांना पाणी दाखवणं यात काही मोडत नाही. शब्बाथाच्या दिवशी बैल सोडून पाण्यावर नेतच होते, हे प्रभूनेच बोलून दाखवलं (लूक १३:१५). पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. तो मान दर आठवड्याला द्यायचा, एवढंच समजा.

स्वयंपाकाची चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती भलतीकडे होते. उद्या चूल नको म्हणून आज पाच पदार्थ करायचे, आणि घरची बाई रात्री अकराला कंबर धरून बसते. आज्ञेत मुलगा, मुलगी, दासी सगळ्यांची नावं आहेत, बायकोचं वेगळं नाही. कारण ‘तू’ म्हटलं त्यात ती आलीच, तिला वगळून कुणाचा शब्बाथ होत नाही. म्हणून टिकणारे दोनच पदार्थ करा आणि हाताला घरातल्या पुरुषांना घ्या. दशम्या सगळ्यात सोयीच्या: एक किलो पिठाला अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त दूध, मीठ, दोन पळ्या तेल, पाण्याचा थेंब नाही. साधारण वीस-बावीस होतात, पाच माणसांना दोन वेळा पुरतात. भाजल्यावर कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार करा, मगच डब्यात. गरम भरल्या तर झाकणाला वाफ धरते, ते पाणी खाली पडतं आणि सकाळपर्यंत वरच्या चार दशम्या चिकट होतात. सोबत जवसाची चटणी, ठेचा, दही. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते, ती ताकात कुस्करून खाणारे असतील तरच करा. वरण आणि झुणका हिवाळ्यात रात्रभर निभतात, मेमध्ये सकाळी आंबलेले निघतात. चहाला किंवा म्हाताऱ्यांच्या अंघोळीच्या पाण्याला चूल पेटवावी का, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. डिसेंबरच्या पहाटे सत्तरीच्या माणसाला गार पाणी देण्यात भक्ती नाही, असं आमचं मत.

आता हंगामाचा प्रश्न. ‘पावसापाण्याचे दिवस आहेत, देव समजून घेईल’ असं सगळेच म्हणतात. पण निर्गम ३४:२१ मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायचा, असं नाव घेऊन सांगितलं आहे. बहुधा हे निमित्त तेव्हाही होतं. फुटलेलं बोंड एका कोरड्या दिवसानं वाया जात नाही. खरा घोर सोयाबीनचा. सवंगणी (कापणी) शुक्रवारी सकाळीच थांबवा, दुपारी ढीग लावा आणि ताडपत्री दोरीसकट जवळ ठेवा. अचानक पाऊस आला तर उठून ढीग झाका. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथातही वर काढायचंच (मत्तय १२:११). पण ढीग झाकायला गेलेल्या माणसानं थ्रेशर बोलावलं, तर मेंढराचं नुसतं निमित्त झालं. थ्रेशरवाल्याला आठवडाभर आधी सांगा की त्या दिवशीची पाळी नको. ऐनवेळी नाही म्हटलं तर पुढची पाळी आठ दिवसांनी लागते, आणि त्याचं खापर शब्बाथावर फुटतं.

मोटारपंपाचं वेगळं आहे. थ्री फेज वीज रातपाळीला असेल तर लोक स्टार्टर ऑटोवर टाकून निजतात. हात लावला नाही हे खरं, पण कान रात्रभर मोटारीकडे असतात. हरभऱ्याच्या पाण्याची पाळी एक दिवस पुढे-मागे करता येते, शुक्रवारी स्विच काढूनच घरी या.

बाजाराचा दिवस नेमका शनिवारी असेल तर भाजीपाला शेजारच्या गावच्या बाजारात न्यायचं ठरवा. भाव दोन रुपये कमी मिळाला तरी तो आधीच धरून चाला. यहूदाचा सुभेदार नहेम्या, त्यानं शब्बाथाआधी यरुशलेमेच्या वेशी अंधार पडताना बंद करवल्या होत्या, तरी व्यापारी एक-दोनदा कोटाबाहेर मुक्कामाला येऊन बसलेच (नहेम्या १३). आज तो व्यापारी मोबाईलमध्ये बसतो. कापसाचे भाव पाहायला हात जातोच, म्हणून सूर्यास्ताला फोन बंद करून कोठीत ठेवा. घरात आजारी कुणी असेल तर एकच साधा फोन चालू ठेवा.

इतकं करूनही एक गोष्ट उरते. काम थांबतं, पण डोक्यातला हिशेब चालूच राहतो: सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, पोरीची फी. गप्प बसलं की हे जास्त आठवतं, म्हणून कितीतरी जण पहिल्याच महिन्यात शब्बाथ सोडून पुन्हा कामाला जुंपून घेतात. उपाय साधा आहे. सूर्यास्ताच्या पाव तास आधी एका कागदावर ते सगळं आकड्यांसह लिहा. ‘कर्ज’ एवढंच लिहू नका, किती आणि कधी द्यायचं तेही लिहा, मोघम चिंता जास्त छळते. कागद घडी करून पेटीत टाका. मग दिवा लावून घरातल्या सगळ्यांनी बसून मत्तय ११:२८ वाचा, तिथं कष्टी आणि भाराक्रांत लोकांनाच बोलावणं आहे. त्यानंतर स्तोत्र २३ तीनदा, सावकाश, मोठ्यानं. पहिल्या वेळी शब्द कळतात, दुसऱ्या वेळी एखादी ओळ अडकते, तिसऱ्या वेळी तिथंच थांबा आणि पाच मिनिटं काही मागू नका. कागदातलं काही मध्येच आठवलं तर मनात म्हणा, ‘प्रभू, ते पेटीत आहे, तुझ्याकडे आहे.’ पहिल्यांदा हे वीस वेळा म्हणावं लागेल. तसं झालं तर काही चुकलं असं समजू नका.

सकाळी मंडळीत उपासना. मंडळी दूर असेल तर घरीच स्तोत्र ९२ घ्या, ते शब्बाथासाठीच म्हणून दिलेलं आहे. दोन गीतं, एक उतारा, प्रत्येकाची छोटी प्रार्थना. तास खूप झाला, लांबवलं की पोरं कंटाळतात. दुपारी झोपा. पहिले दोन-तीन आठवडे माणूस नुसता झोपतो आणि उठल्यावर चिडचिड करतो. ती साठलेली थकावट आहे. संध्याकाळी आजाऱ्याला भेटा, म्हाताऱ्यांपाशी बसा. गावात मयत झाली तर जरूर जा. धुऱ्यावर (बांधावर) फिरायला गेलात तर विळा घरी ठेवा. तरीही तण दिसलं की हात खाली जातोच, त्यामुळे सुरुवातीला नाल्याकडे फिरलेलं बरं.

सुरुवात पूर्ण दिवसानं करू नका. पहिला महिना सूर्यास्तापासून सकाळच्या उपासनेपर्यंत, दुसऱ्या महिन्यात दुपारपर्यंत, मग पूर्ण. सवय झाली की दुसऱ्याचा शब्बाथ मोजायची खोड लागते, तेव्हा मार्क २:२७ काढून वाचा: शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. मान्नाची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेल्या अन्नाची गोष्टही पोरांना त्याच सुमारास सांगा (निर्गम १६): सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला, तो रात्रभर ठेवला तरी किडला नाही, आणि सातव्या दिवशी जे वेचायला गेले त्यांना काहीच मिळालं नाही. वेचणी म्हटलं की वऱ्हाडातल्या पोरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सूर्य मावळला की पुन्हा सगळे एकत्र बसा, एक गीत म्हणा, मगच पेटी उघडा. कागदावरचं एकच काम निवडा, उद्या सकाळी होण्यासारखं, आणि त्याच्यापुढे खूण करा. फोन त्यानंतर.