कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक अभ्यासताना या चुका टाळा

फॉस्फेटच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड टाकले, द्रावण दुधाळ झाले, की वहीत नोंद पडते: ‘हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मिळाले’. म्हणजे हाडा-दातांतले मुख्य खनिज, थोडक्यात अ‍ॅपेटाइट. घाई इथेच होते. सामू ७.४ च्या आसपास, द्रावण पुरेसे तीव्र असेल तर आधी खाली बसतो तो आकारहीन, म्हणजे स्फटिकरचना नसलेला, कॅल्शियम फॉस्फेट. तो ओला राहिला की विरघळत, पुन्हा जुळत, पुष्कळदा ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेटच्या टप्प्यातून अ‍ॅपेटाइटकडे सरकतो. त्यामुळे दहा मिनिटांनी गाळलेला साका आणि दुसऱ्या दिवशी गाळलेला साका हे दोन वेगळे पदार्थ असू शकतात. गाळण्याची वेळ लिहून ठेवा. ओला साका ओव्हनमध्ये सारू नका, तो तिथेच बदलेल; धुऊन लगेच गोठवा आणि निर्वातात वाळवा. कॅल्शियम-फॉस्फरसच्या गुणोत्तरावरही विसंबू नका. कॅल्शियम कमी असलेल्या अ‍ॅपेटाइटचे गुणोत्तर १.५ भरू शकते आणि आकारहीन साक्याचेही तेवढेच. खरे काय ते क्ष-किरण विवर्तनातून कळते.

दुसरी चूक मला सगळ्यात महागडी वाटते, कारण ती निष्कर्षाचे सोंग घेऊन येते. अ‍ॅपेटाइट तयार होताना आम्ल सुटते: १० कॅल्शियम आणि ६ हायड्रोजन फॉस्फेट आयन जुळले की ८ हायड्रोजन आयन बाहेर पडतात. बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) दुबळा असेल तर सामू घसरतो, अतिसंपृक्तता (विरघळू शकते त्यापेक्षा जास्त क्षार द्रावणात असणे) कमी होते आणि वाढ आपोआप मंदावते. आता त्याच नळीत तुम्ही एखादे प्रथिन टाकलेले असेल, तर श्रेय त्याला जाते! प्रथिनाने स्फटिक रोखले की बफर थकला, हे प्रयोगभर सामू मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

‘कॅल्शियम वाढले म्हणून खडा झाला’ हे वाक्यही अर्धेच. रक्त अ‍ॅपेटाइटच्या दृष्टीने मुळातच अतिसंपृक्त असते, तरी ते गोठून दगड होत नाही. फेट्युइन-ए हे रक्तातले प्रथिन, पायरोफॉस्फेट, मॅग्नेशियम आणि सायट्रेट स्फटिक बनण्याला आवरतात. हाडात अल्कलाइन फॉस्फेटेज पायरोफॉस्फेट तोडते आणि वाट मोकळी होते. हे विकर जन्मतः कमी असेल तर रक्तात कॅल्शियम भरपूर असूनही हाडे मऊ राहतात. म्हणून आकडा एकूण कॅल्शियमचा की मुक्त आयनांचा, हे आधी विचारा. रक्तात मुक्त वाटा साधारण निम्माच असतो.

पेशीसंवर्धनात १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (फॉस्फेट पुरवणारे संयुग) घातले की थर पांढरा होतो आणि पेशींनीच खनिज बनवले असे वाटते. खनिज दाखवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॉन कोसा रंजनात चांदी फॉस्फेटला धरते, कॅल्शियमला नव्हे, आणि मेलेल्या पेशींवर बसलेला साकाही तेवढाच काळा दिसतो. मारलेल्या पेशींची एक थाळी सोबत ठेवाच.

विरघळण्याच्या बाजूला ५.५ हा आकडा कायद्यासारखा वापरला जातो. दातांच्या इनॅमलचा (वरच्या कठीण थराचा) तो निर्णायक सामू, म्हणजे ज्याच्या खाली ते विरघळू लागते तो, खरा; पण लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त असले तर तो खाली सरकतो, कमी असले तर वर. उदासीन ऊर्ध्वपातित पाण्यातही इनॅमल थोडे विरघळतेच. हाच धोका साठवणीत असतो: बफर नसलेल्या फॉर्मेलिनमध्ये हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते आणि महिनाभर ठेवलेल्या हाडाच्या नमुन्यातले खनिज तुम्ही पाहण्याआधीच कमी झालेले असते.