परदेशात कॉफी कशी मागायची: शब्द नंतर, आधी तिथली पद्धत बघा

फिरायला निघायच्या आधी बरेच जण "एक कॉफी द्या" हे तिथल्या भाषेत पाठ करून ठेवतात, छानच आहे ते, पण गाडी अडते ती शब्दांवर नाही. पैसे आधी द्यायचे की नंतर, उभं राहायचं की बसायचं, साखरेचं कधी बोलायचं, हे माहीत नसलं की सगळं येत असूनही माणूस गोंधळतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी त्या देशातली पद्धत समजून घ्या, शब्द काय पाच-सहाच लागतात.

इटलीचंच बघा. तिथे कॉफी मिळते त्या जागेला 'बार' म्हणतात. स्टेशनवरच्या किंवा गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर (त्यावर 'कास्सा' लिहिलेलं असतं) काय हवं ते सांगून पैसे द्यायचे, पावती घ्यायची, तिला 'स्कोन्त्रीनो' म्हणतात, आणि ती घेऊन काउंटरवर जायचं. पावती पुढे ठेवून परत एकदा ऑर्डर सांगायची, कारण मशीनवरचा माणूस वेगळा असतो. तो आधी बशी आणि चमचा तुमच्यासमोर मांडतो, म्हणजे तुमचा नंबर लागला, मग कप येतो, दोन-तीन घोटांची कॉफी, तिथेच उभ्याने प्यायची आणि निघायचं. गल्लीतल्या छोट्या बारमध्ये मात्र बऱ्याचदा आधी पिऊन मग पैसे देतात. कुठे काय चालतं ते कळायला सोपा उपाय, दोन मिनिटं बाजूला थांबून आधी आलेली माणसं काय करतात ते बघा, यात लाजायचं काही नाही.

आणि हो, इटलीत उभ्याने प्यायचा दर आणि टेबलावर बसून प्यायचा दर वेगळा असू शकतो, दरफलकावर 'बान्को' म्हणजे काउंटर आणि 'ताव्होलो' म्हणजे टेबल असे रकाने दिसतील. व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर बँड वाजत असेल तर काही कॅफे संगीताचे पैसेही वेगळे लावतात, तेव्हा बसायच्या आधी मेन्यू वाचाच. "ऊन काफ्फे, पेर फावोरे" (एक कॉफी द्या) म्हणलं की एस्प्रेसोच येणार, म्हणजे छोट्या कपातली कडक, बिनदुधाची कॉफी. दूधवाली हवी तर कापुचिनो मागा, नुसतं 'लात्ते' म्हणलात तर दुधाचा ग्लास हातात येईल. कापुचिनो तिथले लोक सकाळी पितात, जेवणानंतर नाही, पण तुम्ही दुपारी मागितला म्हणून कोणी नाही म्हणत नाही. दारू घेत नसाल तर 'कोर्रेत्तो' टाळा, त्यात ग्राप्पासारखी दारू घातलेली असते.

तुर्कस्तानात मुद्दा साखरेचा. तिथे कॉफीची बारीक पूड, पाणी आणि साखर छोट्या दांड्याच्या भांड्यात एकत्रच उकळतात, त्यामुळे साखर मागायचीच असेल तर ऑर्डर देतानाच सांगावी लागते. बिनसाखरेची 'सादे', थोडी गोड 'आझ शेकेरली', मध्यम 'ओर्ता', आणि गोड 'शेकेरली'. आल्यावर लगेच तोंडाला लावू नका, गाळ खाली बसू द्या, चमच्याने ढवळू तर अजिबात नका आणि तळाशी आलात की थांबा. ग्रीसमध्येही ही कॉफी अशीच करतात, तिथे शब्द 'स्केतो', 'मेत्रिओ', 'ग्लिको'.

सिंगापूर-मलेशियात सगळी ऑर्डर एका दमात सांगायची असते आणि ती पद्धत मला मनापासून आवडते. नुसतं 'कोपी' म्हणलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी, 'कोपी-ओ' म्हणजे काळी पण साखर असलेली, 'कोपी-सी' म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्कची (आटवलेलं पातळ दूध). त्यापुढे जोडत जायचं, साखर नको तर 'कोसॉन्ग', कमी हवी तर 'सिउ दाई', बर्फ हवा तर 'पेंग'. म्हणजे बिनसाखरेची काळी थंड कॉफी हवी असेल तर "कोपी-ओ कोसॉन्ग पेंग". मागे रांग असते म्हणून आधी मनात जुळवून ठेवा.

फ्रान्समध्ये ऑर्डरच्या आधी "बाँझूर" म्हणायलाच हवं, ते न म्हणता थेट मागणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. नुसती 'काफे' म्हणजे एस्प्रेसो, थोडं दूध हवं तर 'न्वाझेत'.

व्हिएन्नात इटली-सिंगापूरच्या एकदम उलट, घाई करायचीच नाही. बसा, वेटर येईल, दुधाची हवी तर 'मेलांज' मागा, सोबत पाण्याचा ग्लास येतो. एका कपावर तासभर पेपर वाचत बसलात तरी कोणी उठवत नाही. बिल मात्र आपणहून आणत नाहीत, "त्साहलेन, बिट्टे" म्हणून मागावं लागतं, त्यामुळे ट्रेन पकडायची असेल तर जरा आधीच सांगून ठेवा.