अल्बिनो गोगलगायी: रंग ओळखायचा कसा आणि वाण राखायचा कसा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात लाल रॅम्सहॉर्न, निळी रॅम्सहॉर्न, सोनेरी मिस्ट्री अशा नावांनी गोगलगायी विकायला असतात. या नावांवरून पिल्लं कशी निघतील ते कळत नाही. नाव दिसण्यावरून पडतं आणि दिसणं तीन गोष्टींनी ठरतं: शंखातलं रंगद्रव्य, अंगातलं रंगद्रव्य आणि रक्त. यातलं नेमकं काय नाहीसं झालंय ते आधी बघायचं. जोड्या लावणं त्यानंतर.

रक्तापासून सुरुवात केली की बराच गोंधळ मिटतो. रॅम्सहॉर्नच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. अंगातलं काळं मेलॅनिन नसलं की हे रक्त थेट दिसतं, म्हणून अल्बिनो, म्हणजे मेलॅनिन नसलेली, रॅम्सहॉर्न पांढरी नसते, लाल-गुलाबी असते. मिस्ट्री स्नेलच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, त्याचा रंग फिकट निळसर. त्यामुळे तिचं मेलॅनिन गेलं की ती पांढरट-पिवळसर दिसते. ‘लाल आहे, मग अल्बिनो कशी?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

दुसरी खूण डोळ्यांची. गोगलगाय पारदर्शक बरणीच्या काचेवर चढू द्यावी आणि दहापट हातभिंगातून तिच्या मिशांच्या मुळाशी बघावं. नेहमीच्या रॅम्सहॉर्नमध्ये तिथे दोन काळे ठिपके स्पष्ट दिसतात. पूर्ण अल्बिनोत ते नसतात. अंग लाल पण डोळे काळे अशीही जनावरं सापडतात. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बायोम्फॅलेरिया ग्लॅब्राटा या रॅम्सहॉर्नच्या जातभाईत याचा उलगडा झालेला आहे. १९५०च्या दशकात न्यूटन या संशोधकांनी तिच्यातला अल्बिनोपणा एका अप्रभावी जनुकाने (दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणाऱ्या) येतो हे दाखवलं. पुढे रिचर्ड्स यांना त्याच जागेवर तिसरा पर्याय सापडला: अंग फिकं, डोळे काळे. नेहमीचा काळा रंग या दोघांवर प्रभावी, म्हणजे एक प्रत असली तरी तोच दिसतो, आणि काळे डोळे पूर्ण अल्बिनोवर प्रभावी. म्हणून काळ्या डोळ्यांची लाल आणि डोळ्यांत काळा रंग नसलेली लाल एकाच बरणीत ठेवू नयेत. वरवर वाण एक दिसतो, हिशोब मात्र दोन असतात.

शंखाचा रंग बघताना जुन्या भागाकडे लक्ष देऊ नये. तोंडाजवळची नवी वाढलेली कड तेवढी बघावी. जांभ्याच्या विहिरीत लोह असलं की शंखावर तांबूस थर बसतो, उन्हात ठेवलेल्या बरणीत शेवाळाने शंख हिरवा होतो आणि आम्लधर्मी पाण्यात टोक झिजून पांढरं पडतं. यातलं काहीच पिल्लांत उतरत नाही. मऊ टूथब्रशने शंख घासावा आणि मगच रंग लिहून ठेवावा.

पाणी

जांभ्याच्या भागातलं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आणि किंचित आम्ल असतं, त्यात कॅल्शियम कमी. अशा पाण्यात शंख पातळ आणि खड्डेदार होतात, पिल्लं मरतात, आणि मेलेली पिल्लं हिशोबातून गळली की प्रमाण चुकतं. थेंबांच्या किटने तपासून जीएच (पाण्याचा कठीणपणा) ८ ते १२ आणि पीएच ७.२ ते ८ च्या दरम्यान ठेवावा. तिसऱ्यांची किंवा कालवांची रिकामी शिंपलं उकळून, खारटपणा जाईपर्यंत धुऊन, दहा लिटरमागे मूठभर टाकली की आठवडा-दोन आठवड्यांत फरक दिसतो. समुद्रफेणाचा तुकडाही चालतो. पानाचा चुना मात्र चिमूटभरसुद्धा टाकू नये, पीएच एकदम चढतो आणि सकाळी बरणी रिकामी करावी लागते.

तांबं हा गोगलगायीचा खरा शत्रू. तांब्याच्या कळशीतलं पाणी वापरायचं नाही. पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो. फवारलेल्या बागेतलं पागोळ्यांचं पाणी, तिथलं शेवाळ, तिथली पानं, सगळं वर्ज्य. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून वापरावं.

रॅम्सहॉर्न: एकेकटी वाढवा

रॅम्सहॉर्न उभयलिंगी असते. प्रत्येक जनावर नरही आणि मादीही, आणि जोडीदार मिळालाच नाही तर स्वतःशीच फलन करून अंडी घालते. शिवाय एकदा जोडी लागली की परकं वीर्य ती कित्येक आठवडे साठवून ठेवते. दुकानातून आणलेली मोठी गोगलगाय वेगळी ठेवली म्हणजे ती ‘कोरी’ झाली असं समजू नये. रंगाचे बहुतेक फसलेले प्रयोग इथेच फसतात: दोन अल्बिनोंची जोडी लावली, पिल्लं काळी निघाली आणि दोष जनुकांना दिला गेला. ती पिल्लं दुकानातल्या टाकीतल्या कुणाची तरी असतात.

म्हणून अंड्यापासून सुरुवात करायची. काचेला चिकटलेली पारदर्शक जेलीची पुडी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने अलगद सोडवून वेगळ्या वाटीत ठेवावी. २६ ते २८ अंशांत आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात. निघण्याच्या सुमारास भिंगातून पाहिलं तर पुडीतच फरक कळतो: प्रत्येक कप्प्यात गर्भ गोल फिरत असतो आणि रंगाच्या गर्भाला डोळ्यांचे दोन बारीक काळे टिंब आलेले असतात. टिंब नसलेले मोजून ठेवावेत. पिल्लू वाढल्यावर पोटातलं हिरवं शेवाळ फिक्या शंखातून दिसतं आणि अल्बिनोही काळपट वाटतं, म्हणून ही अंड्यातली मोजणी जास्त भरवशाची.

शंख ३ मिलिमीटरचा होण्याच्या आत एकेक पिल्लू वेगळ्या बरणीत टाकावं. मसुराच्या दाण्याएवढं होईपर्यंत वाट पाहिली तर उशीर झाला असं धरावं. एक लिटरची प्लास्टिकची बरणी तीन चतुर्थांश भरायची, तळाला एक शिंपला, आत पाणवनस्पतीची एक काडी आणि तोंडाला मच्छरदाणीचं कापड. कोकणात उघडी बरणी ठेवली की चार दिवसांत डासांच्या अळ्या होतात. खायला उकडलेल्या दुधीचा किंवा पडवळाचा नखाएवढा तुकडा, उरलेला दुसऱ्या दिवशी बाहेर. आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदलायचं. बरणीवर कागदी टेप आणि त्यावर पेन्सिलीने नोंद. मार्करची शाई पावसाळ्याच्या दमटपणात फिसकटते.

आता हिशोब. रंगाच्या जनुकाला ‘र’ म्हणू, अल्बिनोच्या जनुकाला ‘अ’. अल्बिनो म्हणजे ‘अअ’. काळी गोगलगाय ‘रर’ असेल किंवा ‘रअ’, म्हणजे वाहक. दिसायला दोन्ही सारख्या.

काळी वाहक आहे का, हे ओळखायला जोडीदार लागतच नाही. ती एकटी वाढवलेली असेल तर स्वफलनाची अंडी घालू द्यायची. अशी अंडी उशिरा येतात आणि बऱ्याचदा कमी येतात, धीर धरायचा. ‘रअ’ असेल तर साधारण चारांत एक पिल्लू अल्बिनो. आठच पिल्लं पाहून ‘वाहक नाही’ असं ठरवलं तर चुकण्याची शक्यता दहा टक्के उरते. सोळा पाहिली तर एक टक्का. चाळीस पिल्लांत अपेक्षा दहाची, पण पाच ते पंधरा यांतला कुठलाही आकडा आला तरी घाबरायचं कारण नाही. नेमकं ३:१ क्वचितच हाती लागतं.

घाई असेल तर कोरी काळी आणि कोरी अल्बिनो चार दिवस एकत्र ठेवून पुन्हा वेगळ्या कराव्यात. आता दोन्ही बरण्या वेगवेगळं सांगतात. अल्बिनोच्या बरणीत काळं पिल्लू दिसलं म्हणजे जोडी खरंच लागली, कारण स्वफलनातून तिला काळं पिल्लू होऊच शकत नाही. काळीच्या बरणीत एकही अल्बिनो दिसला तर ती वाहक, मग तो जोडीतून आलेला असो की स्वफलनातून. दोघींची अंडी एकत्र केली की हे दोन्ही पुरावे गेले. जोडी एकाच बरणीत राहू देण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

पिढ्यान्पिढ्या अल्बिनोंचीच आपसात जोडी लावली की अंडी कमी उबतात, पिल्लं खुरटतात. अशा वेळी त्याच जातीची पण परकी काळी आणायची. पहिली पिढी सगळी काळी निघते आणि हिरमोड होतो, पण ती सगळी वाहक असते. त्यांच्या पुढच्या पिढीत अल्बिनो परततात, आणि तेही धडधाकट. ही काळी ओढ्यातून किंवा भाताच्या मळ्यातून उचलून आणू नये. आपल्याकडची रानटी इंडोप्लॅनॉर्बिस दिसायला रॅम्सहॉर्नसारखी, पण जात वेगळी, आणि गुरांच्या रक्तातल्या चपट्या कृमींचे डिंभ तिच्यातून बाहेर पडतात. ते माणसाच्या कातडीत घुसले की खाजरं पुरळ उठतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात मूत्रमार्गाचा शिस्टोसोमा (रक्तातली चपटी कृमी) आढळला होता, त्यातही संशय गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीवरच होता.

मिस्ट्री स्नेल: दोन जनुकांचा खेळ

इथे नर-मादी वेगळे, आणि मादी वीर्य कित्येक महिने साठवते. तेव्हा इथेही पिल्लं सेंटीमीटरभर होण्याआधीच वेगळी करायची.

पट्टे नसलेल्या चार रंगांचा विचार करू. पिवळा शंख पांढऱ्यावर प्रभावी, काळं अंग फिक्या अंगावर प्रभावी. फिकं अंग आणि पिवळा शंख म्हणजे सोनेरी. काळं अंग आणि पांढरा शंख म्हणजे निळी, कारण पांढऱ्या शंखातून आतलं काळं निळसर दिसतं; निळं रंगद्रव्य तिच्यात नसतंच. दोन्ही प्रभावी असतील तर हिरवट, दोन्ही अप्रभावी असतील तर हस्तिदंती. शुद्ध निळी आणि शुद्ध सोनेरी यांची पिल्लं सगळी हिरवट निघतात. ती आपसात लावली की दर सोळांत साधारण नऊ हिरवट, तीन सोनेरी, तीन निळ्या आणि एक हस्तिदंती. ही एक हमखास हवी असेल तर निदान ४७ पिल्लं वाढवावी लागतात, तेव्हा कुठे ती मिळण्याची शक्यता ९५ टक्के होते. शंखावरच्या जांभळट पट्ट्यांचा हिशोब वेगळा, सुरुवातीला पट्टेवाली जोडीत घेऊच नये.

अंडी पाण्याच्या वर घातली जातात, म्हणून टाकीत वर आठ-दहा सेंटीमीटर जागा सोडावी. गुच्छ दिवसभर कडक होऊ द्यावा, मग सोडवून ओलसर टिश्यूवर, तरंगत्या डबीत ठेवावा. दोन-तीन आठवडे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की टिश्यू भिजवला तर बुरशी धरते, तेव्हा डबीचं झाकण अर्धवट उघडं ठेवावं.

बागेतली मोठी आफ्रिकन गोगलगाय पाळायच्या भानगडीत पडू नये, तिचा पांढऱ्या अंगाचा वाण कितीही देखणा असला तरी. १८४७मध्ये कोलकात्यात आणून सोडलेली ही जात आज देशभर पिकं खाते, आणि तिच्यातल्या कृमीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते.

जादा पिल्लं वहाळात, तळ्यात किंवा मळ्यात सोडायची नाहीत. पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग मातीत पुरावीत. बरण्यांचं पाणी जुन्या सुती फडक्यातून गाळून माडाच्या आळ्यात ओतावं, फडक्यावर राहिलेल्या अंड्यांवर उकळतं पाणी घालावं आणि हात साबणाने धुवावेत.