आजाऱ्याजवळ बसताना हात कसा धरायचा

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात 1:41 ला येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, आणि मला त्यातला क्रम लई महत्त्वाचा वाटतो. तो नुसत्या शब्दानं बरं करू शकला असता, तरी आधी हात पुढं केला, कारण बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय 13 प्रमाणं असा माणूस वस्तीबाहेर राहायचा, त्याला कितीतरी दिवसांत कुणी शिवलंच नसेल. मला तरी ह्यातच करुणा दिसते.

मग आपण सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा मंडळीतल्या (आपल्या चर्चमधल्या) कुणाच्या घरी आजाऱ्याला बघायला गेलो की काय करायचं?

आधी हात साबणानं धुवा. खुर्ची ओढून बसा, उभ्यानं वाकू नका. "मावशी, हात धरू का?" असं विचारा, नको म्हटलं तर तिथंच थांबा, अजिबात आग्रह नको. बाईमाणूस असेल तर सोबत मंडळीतली एखादी बहीण असलेली बरी. हो म्हटलं की आपला हात तळवा वर करून खाली ठेवा आणि त्यांचा हात त्यावर येऊ द्या, म्हणजे त्यांना कधीपण काढून घेता येतो. सलाईनचा हात सोडून दुसरा धरा हं. दाबायचं नाही, थोपटायचंपण नाही, नुसतं धरून बसायचं, दोन मिनिटं काहीच न बोलता.

प्रार्थना छोटी, त्यांचं नाव घेऊन. प्रार्थनेत आजाऱ्याला तेल लावायचं असेल तर बायबलमध्ये याकोब 5:14 ला मंडळीच्या वडिलांना (चर्चमधल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलवा असं आहे, तेव्हा पाळकांना, म्हणजे पास्टरांना सांगा. आणि औषधं बंद करा असं चुकूनपण बोलू नका.