कारखान्याच्या सांडपाण्याने विहीर नासली, तर भरपाई कशी मागायची

विहिरीच्या पाण्याला वास येतो, मोटर सुरू केली की पाटात फेस धरतो, नाल्याकडच्या सरीतला ऊस आधी पिवळा पडतो. अशा वेळी गाव कारखान्याच्या गेटवर जातं. जरूर जा, पण त्याआधी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. पाऊस झाला की नाला धुऊन निघतो आणि त्याच्याबरोबर निम्मा पुरावाही वाहून जातो. भरपाईचे बहुतेक दावे कायद्याच्या मुद्द्यावर पडत नाहीत. पहिल्या पंधरवड्यातला कागद हाती नसतो, म्हणून पडतात.

आधी एक गोंधळ दूर करू. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याकडून जी ‘पर्यावरणीय भरपाई’ वसूल करतं, तिचा पैसा तुमच्या खात्यात येत नाही. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पाच आकड्यांचा गुणाकार असतो: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतला दर, उद्योगाचा आकार आणि जवळच्या वस्तीचा घटक. जास्त प्रदूषण करणाऱ्या ‘लाल’ वर्गातल्या, म्हणजे ८० निर्देशांकाच्या मध्यम कारखान्याने ३० दिवस नियम मोडला, दर २५० धरला आणि शेवटचे दोन्ही घटक १ असले, तर रक्कम ६ लाख होते. ती मंडळाकडे जमा होते. तुमचं पीक, विहीर, जनावरं, दवाखाना यांचा पैसा हवा असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १५ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात हा दावा घालू नका. कलम २९ ने तो रस्ता बंद केलेला आहे, आणि तिथे वर्षं घालवून परत आलेल्यांची मुदत संपलेली असते.

नमुना कसा घ्यायचा

नमुने तीन ठिकाणचे हवेत: तुमची विहीर, कारखान्याचं पाणी जिथे नाल्याला मिळतं त्याच्या लगेच खालची जागा, आणि नाल्याच्या वरच्या अंगाची एखादी चांगली विहीर. तिसरा नमुना लोक हमखास विसरतात. ‘या भागातलं पाणी मुळातच खारट आहे’, ‘तुम्हीच युरिया जास्त टाकला’ हे कारखान्याचं पहिलं उत्तर असतं. वरच्या विहिरीचं पाणी गोड निघालं की त्या उत्तरातला जोर जातो.

मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग पाइपच्या तोंडाशी भरा. दोन लिटरचा कोरा प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. जड धातूंसाठी प्रयोगशाळा नायट्रिक आम्ल घातलेली वेगळी बाटली देते. ती विसळायची नाही. तेलाचा किंवा थिनरसारखा वास असेल तर काचेची बाटली वापरा. थिनरच्या वासाला ती काठोकाठ भरा, आत हवा ठेवू नका. बाटलीवर गट नंबर, तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या टाका. सगळं बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पोचवा. उशीर झाला की बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो त्याचा, आकडा खाली येतो आणि अहवालात तुमचं पाणी आहे त्यापेक्षा बरं दिसतं.

तपासण्या मागताना पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू), बीओडी, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट आणि धातू मागाच. शिवाय त्या कारखान्याच्या उत्पादनाशी जोडलेलं रसायन मागा. नुसत्या वाढलेल्या टीडीएसवरून कारखान्यापर्यंत माग पोचत नाही, त्या रसायनावरून पोचतो. काय बनतं, किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, हे मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं.

खाजगी अहवालाचं बळ मर्यादित असतं, हेही लक्षात असू द्या. जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याला पुराव्यात वेगळं वजन आहे. म्हणून तुम्ही नमुने घ्याल त्याच दिवशी मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि कारखान्याच्या सोडण्याच्या तोंडाशी नमुना घेण्याची मागणी त्यातच लिहा. पुढे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर संमतीपत्र, भेटीचे अहवाल, मंडळाने घेतलेल्या तपासणी नमुन्यांचे (त्यांना ‘जेव्हीएस’ म्हणतात) निकाल आणि पाठवलेल्या नोटिसा मागवा. मंडळाने स्वतःच दिलेली जुनी नोटीस हाती लागली, तर दाव्याचा निम्मा भार ती उचलते.

नुकसान आकड्यात

तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या. त्यात ‘पिकाचे नुकसान झाले’ एवढंच नको. गट नंबर, बाधित क्षेत्र आर मध्ये, पीक, त्याची अवस्था आणि नाल्यापासूनचं अंतर लिहून घ्या. ई-पीक पाहणीत ते पीक सातबाऱ्यावर चढलेलं असलंच पाहिजे. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या.

हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईची शीर्षकं दिली आहेत: आजार, बुडालेली मजुरी, औषधोपचार, खाजगी मालमत्ता, पिकं आणि फळबागा, माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च वगैरे. प्रत्येक शीर्षकाची रक्कम वेगळी दाखवावी लागते. एकरकमी ‘२५ लाख द्या’ लिहिलं की वाचणारा पहिलाच प्रश्न विचारतो, कुठून आले?

उसाचं उदाहरण घेऊ. मागच्या तीन वर्षांची साखर कारखान्याची बिलं काढा. समजा सरासरी एकरी ४४ टन आहे आणि यंदा २० निघाला. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात पडणारा दर ३,००० धरला, तर एकरी ७२,००० होतात. त्याला बिलांच्या प्रती जोडा. दुधाचं तसंच: संघाच्या पावत्या आधीच्या आणि नंतरच्या. टँकरची बिलं, विहिरीचा गाळ काढल्याच्या पावत्या जपा. रोखीने दिलेल्या पैशाची साध्या कागदावर का होईना, सही घ्या.

अर्ज, फी, मुदत

भरपाई मागितली तर मागणीच्या १ टक्का फी लागते, किमान १,००० रुपये. १८ लाखांच्या दाव्याला १८,००० पडतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे अर्जदार तिथे उत्पन्नाची अट न लागता पात्र असतात.

मुदत पाच वर्षांची, वर फार तर ६० दिवस. भरपाईचं कारण ‘पहिल्यांदा’ घडलं त्या दिवसापासून ती मोजतात. म्हणून ‘गेली दहा वर्षं सोसतोय’ असं सरसकट वाक्य अर्जात नको. कारखाना तेच वाक्य उचलून मुदत संपल्याचा मुद्दा काढतो. प्रत्येक हंगामाचं नुकसान तारखेनिशी वेगळं मांडा. भरपाई न मागता फक्त वादाचा निवाडा हवा असेल तर कलम १४ ची मुदत सहाच महिने आहे.

टाकी फुटणे, वायुगळती असा अपघात असेल तर कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. कलम १७ मध्ये विनादोष दायित्व आहे. घातक पदार्थ हाताळताना अपघात झाला तर सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ खाली तातडीच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. हळूहळू मुरणाऱ्या पाण्याचा मामला अवघड, कारण पाणी कुठून कुठे आलं ते तुम्हाला दाखवावं लागतं. एमआयडीसीत दहा कारखाने असतील तर एकच निवडून बसू नका. अनेकांमुळे नुकसान झालं असेल तर जबाबदारी वाटून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, तेव्हा सगळ्यांना आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रालाही प्रतिवादी करा.

कंपनी मोठी आहे म्हणून रक्कम मोठी मागू नका. महाराष्ट्रातल्याच एका रसायन कंपनीवर बसलेली २५ कोटींची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. ती उलाढालीवर बेतली होती.

व्याज मात्र मागाच. राजस्थानातल्या बिछडी गावात एच-ॲसिड या रंग बनवण्याच्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. ‘प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा’ हा निकाल १९९६ मध्येच लागला, पण कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला लावले. पर्यावरणापोटी ठरलेली रक्कम पर्यावरण मदत निधीत जाते, म्हणून अर्जाच्या शेवटी स्वतःची भरपाई आणि माती-पाण्याची दुरुस्ती या मागण्या वेगवेगळ्या कलमांत लिहा.

दावा दाखल झाला की कारखान्याचा माणूस बऱ्याचदा घरी येतो. पन्नास हजार देतो आणि स्टँप पेपरवर ‘यापुढे तक्रार नाही’ अशी सही मागतो. अडचणीत असाल तर पैसे घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हाताने ‘अंशतः भरपाई, उर्वरित हक्क राखून’ असं लिहा, रक्कम बँकेतून घ्या आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. निकाल विरोधात गेला तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस मिळतात.