नाटक, सिनेमा, मालिकांवर रिसर्च प्रोजेक्ट करायचाय? मग आधी हाताला काय लागतंय ते बघा

एमएच्या दुसऱ्या वर्षाला किंवा आता चार वर्षांच्या ऑनर्सला रिसर्च प्रोजेक्ट आला की नाटक-सिनेमावाली पोरं खूश असतात, म्हणजे आवडीचं बघायचं आणि त्यावरच लिहायचं, अजून काय पाहिजे. मग सिनॉप्सिस जातो "मराठी रंगभूमीवरील स्त्रीप्रतिमा : एक अभ्यास" असला काहीतरी, गाईड सही करून टाकतात, आणि डिसेंबर उजाडला की लक्षात येतं की १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं तिथपासून काल रात्री शिवाजी मंदिरला झालेल्या प्रयोगापर्यंत सगळं आपण अंगावर घेतलंय. शेवटी विकिपीडिया, दोन-चार पीएचडी थिसिस आणि पाच गाजलेल्या नाटकांचं कथानक असं करून ऐंशी पानं भरली जातात. पास होतात हो सगळे, पण करणाऱ्यालाच मजा येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की विषय आवडीवर ठरवू नका, सामग्रीवर ठरवा. आवड असतेच, ती नसती तर तुम्ही या विषयाला आलाच नसता. आधी हे बघा की पुढच्या चार-पाच महिन्यांत, तुमच्या गावातून, तुमच्या खिशातून, नेमकं काय तुमच्या टेबलावर येऊ शकतं. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली? एखाद्या संस्थेचं कपाट? एखादे रंगभूषाकार काका जे बोलायला तयार आहेत? जे येऊ शकतं त्यातून प्रश्न काढायचा. नागपूरच्या मुलीने झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची रंगभूमी, सोडून दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांवर का लिहायचं ते मला खरंच कळत नाही, झाडीपट्टीचं केंद्र असलेलं वडसा तिला किती जवळ!

नाटकाची अडचण सगळ्यात मोठी कारण प्रयोग झाला की संपला. मागे उरते ती संहिता, जाहिराती, परीक्षणं, फोटो आणि माणसं. आपली पोरं यातली फक्त संहिता घेतात, तीपण छापील, आणि तिचं मराठीच्या पेपरसारखं पात्रचित्रण-कथानक-संवाद करून मोकळी होतात. घाशीराम कोतवाल घ्या, १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग. तेंडुलकरांचं पुस्तक वाचून तुम्हाला शब्द कळतील, पण रंगमंचावर नटांनीच उभी केलेली ती माणसांची भिंत कशी हलायची, चंदावरकरांचं संगीत कुठे काय करायचं, मुळगुंदांनी नृत्य कसं बसवलं, हे पुस्तकातून अर्धंमुर्धंच कळतं आणि त्या नाटकाचा जीव तर तिथेच आहे. त्यामुळे संहितेबरोबर दुसरं काहीतरी हवंच. रेकॉर्डिंग, फोटो, नाहीतर त्यात काम केलेला माणूस. आणि संहितेच्यापण आवृत्त्या असतात बरं का. छापील वेगळी, तालमीतली खाडाखोड केलेली वेगळी, आणि महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आपल्या बोलीत सेन्सॉरकडे जाते, ती तिसरी. दोन आवृत्त्या हाताला लागल्या तरी त्यांतला फरक हाच एक अख्खा प्रोजेक्ट होतो.

आता माझी लाडकी गोष्ट, जाहिराती. मुंबई-पुण्याच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिरातींची जी जागा असते तिच्याकडे रिसर्चवाले फार कमी बघतात आणि ती अक्षरशः खाण आहे. लोकसत्ता १९४८ पासून आहे, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून, फायली मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. एक वर्ष घ्या, एक पेपर घ्या, आणि एक्सेलमध्ये टाकत चला : तारीख, वार, वेळ, नाट्यगृह, नाटक, संस्था, कितवा प्रयोग. बस. वर्षभराचा डेटा भरला की तुम्हाला दिसायला लागेल की दुपारचे प्रयोग कुठल्या नाटकांना मिळतात, गिरगावात साहित्य संघाला काय चालतं आणि दादरला काय, नवीन नाटक किती आठवड्यांत गायब होतं. आणि प्रयोगक्रमांक तर कमाल प्रकार आहे. समजा एका नाटकाचा महिन्याच्या सुरुवातीला ७८वा प्रयोग आहे आणि महिनाअखेर ९०वा, म्हणजे मधे अकरा प्रयोग झाले, पण मुंबईच्या पेपरात त्या मधल्या काळातल्या फक्त चार जाहिराती सापडतात. मग उरलेले सात कुठे झाले? एकतर दौऱ्यावर, नाहीतर कंत्राटी, म्हणजे कंत्राटदाराने अख्खा प्रयोग विकत घेऊन लावलेले. कोल्हापूर-सांगलीचा पेपर काढा, सापडतील. एकही मुलाखत न घेता तुम्ही दौऱ्यांचा नकाशा काढला.

अर्थात जाहिरात म्हणजे प्रयोग नव्हे. ऐनवेळी रद्द झालेले प्रयोग असतात, "हाऊसफुल्ल" हा शब्द निर्मात्याचा असतो, तिकीटखिडकीचा नाही, आणि आकडा फुगवायचा मोह कोणाला नसतो. हे सगळं प्रोजेक्टमध्ये सरळ लिहा, उलट परीक्षकाला आवडतं ते.

सिनेमावाल्यांचं तसं बरं चाललंय असं वाटतं कारण सगळं यूट्यूबवर आहे. नाहीये. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रचेच सगळे रीळ आज नाहीत, आणि मूकपटांमधले बहुतेक तर गेलेच. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ चं, २०२२ पासून ते एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली आलंय. तिथे फिल्म बघण्यापेक्षा कागद बघायला जा असं मी म्हणेन : पोस्टर, फोटो, आणि त्या गाण्यांच्या पुस्तिका ज्या पूर्वी थिएटरबाहेर विकायचे. त्या चिमुकल्या पुस्तिकेत कथासार, नटसंच, गाण्यांचे शब्द सगळं असतं आणि जो सिनेमा हरवलाय त्याचा बऱ्याचदा तेवढाच पुरावा उरलेला असतो. जाताना विभागाच्या लेटरहेडवर गाईडच्या सहीचं पत्र घ्या, आधी मेल करा, आणि "प्रभातबद्दल काय असेल ते दाखवा" असं म्हणू नका हो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला आली, तुम्हाला त्यातली कुठली वर्षं, कुठले सिनेमे, काय प्रकारचा कागद पाहिजे त्याची यादी द्या. यादी नेमकी असली की तिथली माणसं मनापासून मदत करतात.

आणि यूट्यूबची प्रिंट वापरणार असाल तर एक गोष्ट तपासा. रिळांवरच्या सिनेमांच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर लांबी मीटरमध्ये दिलेली असायची, त्याहून जुन्यांची फुटात. ३५ एमएमची बोलपटाची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर जाते, म्हणजे ९० फूट. तर ३,६०० मीटरचा सिनेमा १३१ मिनिटांच्या आसपास पाहिजे. तुमची यूट्यूब प्रिंट ११० मिनिटांची निघाली तर वीस मिनिटं कुठेतरी कापली गेलीत, आणि बहुतेक वेळा गाणी नाहीतर विनोदी ट्रॅक उडालेला असतो, आणि तुम्ही मात्र "या चित्रपटात गाण्यांना दुय्यम स्थान आहे" असं लिहून बसता.

घरबसल्या करायचं असेल तर १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या साक्षींचे खंड शोधा, टी. रंगाचारियर अध्यक्ष होते. थिएटरमालक, वितरक, निर्माते, अधिकारी सगळ्यांना प्रश्न विचारलेत आणि उत्तरं छापलीत, स्कॅन नेटवर मिळतात. फक्त मुंबई प्रांताच्या साक्षी घेतल्या तरी भरपूर होतं.

टीव्हीवर करणाऱ्यांनी जुन्याच्या मागे लागताना जरा विचार करा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण त्या पहिल्या काळातलं रेकॉर्डिंग सगळं मिळेल या भरवशावर सिनॉप्सिस देऊ नका, तिथेपण वर्तमानपत्रातले कार्यक्रमांचे रकाने आणि माणसंच कामी येतात. आजच्या डेली सोपचा प्रॉब्लेम उलटा, सामग्री इतकी की बुडायला होतं. आठवड्याला सहा भाग, भाग बावीस मिनिटांचा धरला तर वर्षाला शंभरावर तास, एका मालिकेचे! सगळं बघणं शक्य नाही, गरजपण नाही. नियम ठरवा आणि लिहून टाका, की मी प्रत्येक महिन्याचा पहिला आठवडा बघणार, किंवा वटपौर्णिमेच्या आठवड्यातले तीन चॅनलचे सगळे प्राइम टाइम भाग बघणार. नियम आधी ठरला पाहिजे, बघून झाल्यावर सोयीचे भाग निवडायचे नाहीत. ओटीटीवर बघताना प्रोमो आणि जाहिराती नसतात हेही लक्षात असू द्या, मालिका लिहिली जाते ती ब्रेक धरून.

मुलाखती. इथे सगळ्यांना मोठ्या नटाकडेच जायचं असतं. मोठ्या नटाने तीच गोष्ट शंभर वेळा सांगितलेली असते, तीच तुम्हालाही मिळणार. त्याऐवजी व्यवस्थापक, बुकिंगवाले, नेपथ्य लावणारे, कपडेपटवाले, बसचे ड्रायव्हर यांच्याकडे जा. "तुमचा प्रवास सांगा" असं चुकूनही विचारू नका. विचारायचं ते असं : काका, तेव्हा नाईट (एका प्रयोगाचे पैसे) किती मिळायची? बसमध्ये कोण कुठे बसायचं? सेट उतरवायला किती वेळ लागायचा, आणि जेवण कोण द्यायचं, संस्था की कंत्राटदार? या प्रश्नांवर माणूस आपोआप बोलायला लागतो. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, कागदावर सही घ्या, नाव छापायचं की नाही विचारा (पैशाच्या गोष्टी निघाल्या तर परत एकदा विचारा), आणि शब्दांकन त्याच रात्री करा. साल मात्र त्यांच्या तोंडचं धरू नका. आठवण खरी असते, साल हमखास चुकतं, ते जाहिरातीतून ताडून घ्या.

लोकनाट्य किंवा तमाशा घेणार असाल तर सीझन बघून घ्या. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि रात्र-रात्र चालतो, हिवाळी परीक्षेला भिडतो. तमाशाच्या सुपाऱ्यांसाठी, म्हणजे बुकिंगसाठी, नारायणगावला पाडव्याच्या आधी राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडमालकांशी एकाच ठिकाणी बोलता येतं. पण तुमचं सबमिशन एप्रिलमध्ये असेल तर ते मटेरियल हाताशी येईपर्यंत लिहायची वेळ निघून जाते. त्यामुळे आदल्या वर्षीच एक फेरी मारून ठेवा.

थिअरीचं काय असं सगळे विचारतात. लागते, पण पहिलं चाळीस पानांचं प्रकरण सगळं परदेशी विचारवंतांचं आणि नंतर मराठी नाटक आलं की त्यातला एकही विचारवंत परत दिसत नाही, असे प्रोजेक्ट खूप असतात. दोन संकल्पना घ्या, नीट कळलेल्या, आणि त्या शेवटपर्यंत वापरा. शोधगंगा या पीएचडी थिसिसच्या वेबसाइटवर तुमच्या विषयाच्या जवळचे थिसिस बघा, त्यातला मजकूर उचलायला नाही तर मागची साधनांची यादी बघायला. साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रकरण वाढतं, मराठीत सॉफ्टवेअर पकडत नाही या भ्रमात राहू नका कारण परीक्षक पकडतात. सिनेमातली फ्रेम किंवा नाटकातला उतारा अभ्यासासाठी वापरायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात जागा आहे, पण कोणाची अप्रकाशित संहिता असेल तर परवानगी घ्याच.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. डीटीपीवाले दादा श्री-लिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, करून देतो म्हणतील, नको म्हणा, शेवटच्या आठवड्यात कन्व्हर्ट करताना जोडाक्षरांची जी वाट लागते ती बघवत नाही.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक बहुतेक तीन गोष्टी विचारतात : हाच काळ का, हीच नाटकं का, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं. पहिल्या दोनची उत्तरं "आवड होती" अशी देऊ नका, "या काळाच्या फायली सलग मिळाल्या, त्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या तुटक आहेत" असं सांगा. तिसऱ्यासाठी एक्सेलची प्रिंट, दोन-चार जाहिरातींच्या झेरॉक्स आणि मुलाखतींच्या संमतीपत्रांची फाईल बरोबर न्या, आणि विचारायची वाट न बघता टेबलावर ठेवा.