साडेबाराचा सामना आणि दोन ग्लास बिअर

क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर, आणि देशादेशांमधले फुटबॉल सामने यांचा आस्वाद घेण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही; मात्र दोन्ही एका बैठकीत आणायचे असतील तर घड्याळाचे भान ठेवावे लागते. हे मला १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरी कळले. रविवार होता. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होणार होता आणि आम्ही पाच जण सहा वाजल्यापासूनच बैठक मारून होतो. मध्यंतराला अर्जेंटिना २-० ने पुढे होती आणि आमचा फ्रीज निम्म्याहून अधिक रिकामा झाला होता. ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने पेनल्टीवर गोल केला आणि त्यानंतर अवघ्या ९७ सेकंदांत दुसरा. त्या वेळी आमच्यातले दोघे पेंगत होते, एक जण बाल्कनीत फोनवर होता आणि मी स्वयंपाकघरात बर्फाचा ट्रे आपटत होतो. विश्वचषकाच्या इतिहासातल्या बहुधा सर्वांत थरारक दीड मिनिटाला आमच्या घरात टीव्हीसमोर एकच माणूस जागा होता, आणि त्यालाही नीट सांगता येईना की नेमके काय झाले.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी सामन्याची वेळ पाहायची, मग त्याची लांबी, आणि बिअर त्यानंतर निवडायची.

वेळेचा हिशेब सोपा आहे. युरोपातले राष्ट्रीय संघांचे पात्रता सामने बहुधा तिकडे रात्री पावणेनऊला सुरू होतात. म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे सव्वाबारा आणि हिवाळ्यात सव्वा वाजतो. २०२४ च्या युरो या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेतले तिथल्या रात्री नऊचे सामने आपण साडेबाराला पाहिले ते याच गणिताने. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मिळून भरवलेल्या २०२६ च्या विश्वचषकासाठी न्यूयॉर्कची उन्हाळी वेळ लक्षात ठेवली की काम भागते. ती आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तिथला दुपारी बाराचा सामना इथे रात्री साडेनऊला, तीनचा साडेबाराला आणि सहाचा पहाटे साडेतीनला येतो. दक्षिण अमेरिकेतले पात्रता सामने अनेकदा आपल्या पहाटे पाच-साडेपाचला असतात. साडेनऊचा सामना हा बिअरचा सामना आहे, साडेबाराचा विचारपूर्वक बिअरचा आहे, आणि साडेतीननंतरच्या सामन्याला आल्याचा चहा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपेतून उठून बिअर उघडणाऱ्याला ना चव कळते ना ऑफसाइड.

लांबीचे भानही तितकेच महत्त्वाचे. गटातला सामना मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून दोन तासांत आटोपतो. बाद फेरीतला सामना जादा वेळेत आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गेला तर पावणेतीन तासही लागतात. आता बिअरकडे पाहा. ३३० मिलिलिटरच्या, ५ टक्के अल्कोहोल असलेल्या एका बाटलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि शरीर साधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकालात काढते. म्हणजे पहिल्या सत्रात एक आणि दुसऱ्या सत्रात एक असा हिशेब ठेवला, तर सामन्याबरोबर माणूसही शेवटपर्यंत शुद्धीवर राहतो. याउलट आपल्याकडच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या ६५० मिलिलिटरच्या, ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बाटलीत ४१ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. ती एकटीच अशा तीन छोट्या बाटल्यांच्या बरोबरीची आहे. क्राफ्ट बिअर महाग पडते ही तक्रार मी नेहमी ऐकतो, पण दोनच ग्लास प्यायचे ठरवले की ती तक्रार बरीचशी विरते.

निवडीसाठी फार मोठे शास्त्र नको. यीस्ट, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले), मोड आणून वाळवलेले सातू (बार्ली) आणि पाणी एवढ्यावरच बिअर उभी असते. उबदार तापमानात आंबवलेली ती एल, थंडाव्यात सावकाश आंबवलेली ती लागर. सोनेरी, स्वच्छ पिल्सनर ही लागरचीच लेक. ती १८४२ मध्ये आजच्या चेकियातल्या प्लझेन्य शहरात जन्मली. गव्हाची जर्मन हेफेवाइझन गढूळ दिसते आणि तिला केळ्याचा व लवंगेचा वास येतो. त्यात केळे घातलेले नसते आणि लवंगही नसते, तो सारा यीस्टचा प्रताप असतो. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते, त्यामुळे मराठी जिभेला ती पहिल्याच घोटात ओळखीची वाटते. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्समुळे कडू, तर स्टाउट भाजलेल्या सातूमुळे काळी आणि कॉफीच्या वळणाची. नवख्याने विटबिअर किंवा हेफेवाइझनपासून सुरुवात करावी. पहिल्याच रात्री आयपीए हाती दिलेला माणूस पुन्हा आपल्याकडे येत नाही, असा माझा अनुभव आहे.

खेळणाऱ्या देशांप्रमाणे बिअर निवडण्याचा खेळ मजेचा आहे, पण तो ताणू नये. जर्मनी खेळत असेल तर हेफेवाइझन, बेल्जियम असेल तर विटबिअर, इंग्लंड असेल तर पेल एल, आयर्लंड असेल तर स्टाउट, इथपर्यंत ठीक. ब्राझील विरुद्ध क्रोएशिया आला की मात्र डोके खाजवण्यापेक्षा सरळ थंड लागर घ्यावी.

ही बिअर आणायला मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. महाराष्ट्रात या प्रकाराची सुरुवात २००९ मध्ये पुण्यातल्या डूलाली या मायक्रोब्रुअरीने केली. ते नाव ज्या इंग्रजी शब्दावरून आले, तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचाच अपभ्रंश आहे. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत खुळावलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे तो रूढ झाला. पुढे गेटवे ब्रुइंग कंपनीची बिअर तर ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीतच बनू लागली. आज ठाण्यातली आणि नवी मुंबईतली बरी दुकाने गव्हाची बिअर आणि विटबिअर ठेवतात. घेताना बाटलीवरची तारीख वाचावी, विशेषतः आयपीएची, कारण हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उतरतो. दुकानाच्या काचेजवळ उन्हात उभी असलेली हिरवी बाटली घेऊ नये. उजेडाने हॉप्समधली द्रव्ये बिघडतात आणि बिअरला कुबट वास येतो. तपकिरी काच बराचसा बचाव करते, कॅन पूर्ण करतो.

महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि सौम्य बिअरसाठीही वयाची अट २१ वर्षांची आहे, कडक मद्यासाठी २५ ची. सामन्याच्या दिवशी ड्राय डे आहे का, हे आठवडाभर आधी पाहून ठेवावे. निवडणुकीच्या दिवशी उपांत्य सामना आल्याचे लक्षात आले ते दुकानाचे शटर पाहूनच, अशी फजिती आमची एकदा झाली आहे.

आता ओतणे. या एका गोष्टीला मी दोन मिनिटे देतो, कारण घरच्या बिअरची चव बहुतेक वेळा इथेच बिघडते. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नये; त्यावर जमलेल्या बर्फाने फेस भसाभसा येतो आणि बिअर पाणचट होते. तो नळाच्या पाण्याने विसळून ओलाच घ्यावा. हेफेवाइझनची बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवलेली असावी आणि ओतण्यापूर्वी पाचेक मिनिटे बाहेर काढावी. जून-जुलैच्या ठाण्याच्या दमट हवेत एवढा वेळ पुरतो. ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका धरून बिअर कडेने हळू सोडावी, पाऊण भरत आला की ग्लास सरळ करावा. बाटलीत दोन बोटे बिअर उरली की थांबावे. ती बाटली हातात गोल फिरवावी, तळाशी बसलेले यीस्ट ढवळून वर येते आणि उरलेली बिअर दुधाळ होते. ती वरून मधोमध ओतावी. फेस कडेच्या वर दोन बोटे चढतो, आणि नाक जवळ नेले की पिकल्या केळ्याचा वास येतो. हा सोहळा राष्ट्रगीते चालू असताना उरकावा. चेंडू मध्यावर ठेवला जाईपर्यंत फेस बसतो.

चखण्याच्या बाबतीत एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. तिखटावर बिअर उतारा म्हणून चालते असे लोक मानतात, पण मिरचीतले तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वर तिचे बुडबुडे जिभेला आणखी टोचतात. कडू आयपीएसोबत तर झणझणीतपणा दुप्पट वाटतो. तिखटाबरोबर गव्हाची, किंचित गोडसर बिअर घ्यावी. रव्यात घोळवून तळलेले बोंबील आणि विटबिअर ही जोडी मला सर्वांत आवडते: धण्या-संत्र्याचा गंध मासळीवर लिंबू पिळल्यासारखे काम करतो. कोळंबी कोळीवाडा, मसाला शेंगदाणे, उकडलेले चणे हेही चालते. मामलेदारची मिसळ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळसाठी राखून ठेवावी.

सामना कसा पाहावा हेही थोडे शिकण्यासारखे आहे. हौशी प्रेक्षक चेंडूच्या मागे डोळे फिरवतो आणि वीस मिनिटांत कंटाळतो. त्याऐवजी पहिल्या सत्रात दहा मिनिटे एकाच खेळाडूवर नजर ठेवावी, शक्यतो मधल्या फळीतल्या, आणि चेंडू नसताना तो काय करतो ते पाहावे. तो सतत मान वळवून मागे बघतो, दोन पावले सरकून जागा मोकळी करतो, सहकाऱ्याला हाताने थांबवतो. हे एकदा दिसू लागले की शून्य-शून्यचा सामनाही रंगतदार होतो. ऑफसाइडचा नियम ग्लास, लिंबू आणि मसाल्याची डबी मांडून समजावता येतो: चेंडू पास होतो त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असलेला आक्रमक खेळात सामील झाला की तो ऑफसाइड. ‘शेवटून दुसरा’ हे विसरू नये, कारण शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो.

टीव्हीवर न दिसणारी मैदानाची रुंदी पाहण्यासाठी एकदा तरी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना पाहावा, असे मी म्हणेन. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने मालीला ३-१ ने हरवले तो उपांत्य सामना इथेच झाला. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा चीन विरुद्ध दक्षिण कोरिया अंतिम सामना आणि मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन विरुद्ध कोलंबिया अंतिम सामनाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला उतरता येते. वरच्या मजल्यावरून बचावफळी एका दोरीत बांधल्यासारखी पुढेमागे सरकताना दिसते. तिथे ग्लास हातात नसल्याचे फारसे जाणवतही नाही. कतारमध्येही स्पर्धेला दोन दिवस उरले असताना स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद झाली आणि प्रेक्षकांनी अल्कोहोलविरहित बिअरवर सामने पाहिले, तरी तो अंतिम सामना कोणाला बेचव वाटला नाही.

घराबाहेर, वाशी किंवा बेलापूरच्या एखाद्या मोठ्या पडद्याच्या ठिकाणी पाहायचे ठरवल्यास जाण्यायेण्याची सोय आधी करावी. साडेनऊचा सामना संपेपर्यंत साडेअकरा होतात आणि बाद फेरीचा सामना लांबला तर शेवटची लोकल चुकू शकते. गाडी चालवणाऱ्याने बिअर घेऊच नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. घरी बसणार असाल तर खालच्या मजल्यावर दुपारीच कल्पना देऊन यावे. आमच्या खालचे काका पूर्वी झाडूच्या दांड्याने छत ठोकत. एकदा त्यांना बोलावून अल्कोहोलविरहित विटबिअर आणि बोंबील समोर ठेवले, तेव्हापासून साडेबाराच्या सामन्याला तेच आधी बेल वाजवतात.

सामना संपल्यावर कितीही उशीर झाला तरी ग्लास रात्रीच विसळावेत. फेसाचा वाळलेला थर आणि बोंबलाचे तेल काचेला चिकटले की पुढच्या वेळी फेस धरत नाही. भांड्यांच्या साबणाऐवजी चिमूटभर खायचा सोडा घेऊन धुवावेत, फडक्याने न पुसता जाळीवर उपडे ठेवावेत. सकाळी काचेवर पाणी सलग पसरले तर ग्लास स्वच्छ आहे. थेंबाथेंबांनी फाटले तर पुन्हा धुवावा.